व्हायोलिनचा ताफा पेटीसारखा का वाजतो?

प्रश्न : मी घरच्या संगणकावर भावगीतांचे संगीत संयोजन करतो. नुकत्याच घेतलेल्या स्ट्रिंग्जच्या लायब्ररीतले (म्हणजे व्हायोलिन, चेलो अशा तंतुवाद्यांच्या ध्वनिमुद्रित सुरांच्या संग्रहातले) सूर सुटे ऐकले तर अस्सल वाटतात. पण कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) धरून वाजवले की सगळे पेटीसारखे सपाट होते. रिव्हर्ब (घुमारा) वाढवूनही फरक पडत नाही. चूक कुठे होते आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : सुटे सूर अस्सल वाटतात, म्हणजे लायब्ररीत खोट नाही, अडते आहे ते वाजवण्याच्या पद्धतीत. पेटीची पट्टी दाबून धरली की सूर टिकतो. व्हायोलिनचा सूर मात्र गज फिरत असेल तोवरच असतो आणि त्या गजाचा वेग व दाब क्षणोक्षणी बदलत असतो.

पहिली गोष्ट कॉर्डची. सोळा व्हायोलिने एकत्र मुद्रित केलेल्या पॅचवर (लायब्ररीतल्या एका तयार आवाजावर) तीन सुरांची कॉर्ड धरली, तर आपण अठ्ठेचाळीस व्हायोलिने वाजवत असता. ताफा भरघोस होण्याऐवजी गढूळ होतो. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर (संगीत संयोजक) मुंबईच्या चित्रपटसंगीतात प्रत्येक विभागाचा पार्ट स्टाफ नोटेशनमध्ये (पाश्चात्त्य स्वरलिपीत) वेगळा लिहीत, आणि संगणकावरही तीच शिस्त लागते. ‘सा-ग-प’वरून ‘म-ध-सां’वर जायचे आहे असे समजा. चेलो सा वरून म वर जाईल, व्हायोला ग वरून म वर, दुसरी व्हायोलिने प वरून ध वर. पण पहिल्या व्हायोलिनांकडचा तार सा दोन्ही कॉर्डमध्ये आहे, तो पुन्हा वाजवायचाच नाही, नुसता धरून ठेवायचा. हाताने कॉर्ड बदलताना आपण तो नकळत उचलून पुन्हा दाबतो आणि नेमका तिथेच कळफलक ऐकू येतो. म्हणून चार ट्रॅक करा आणि प्रत्येक ओळ आधी गाऊन पाहा. जी गाता येत नाही ती बहुधा व्हायोलिनवरही शोभत नाही.

दुसरी गोष्ट मॉड्युलेशन व्हीलची, म्हणजे कळफलकाच्या कडेला असलेल्या चाकाची. बहुतेक लायब्ररींमध्ये हे चाक केवळ आवाज लहानमोठा करत नाही. हळू आणि जोरात वाजवून ध्वनिमुद्रित केलेल्या वेगवेगळ्या थरांमधून ते आपल्याला नेते, त्यामुळे सुराचा पोतही बदलतो. दोन मात्रांहून लांब सुरावर ते स्थिर ठेवू नका. चाकाच्या शून्य ते १२७ या मापावर चाळीसच्या आसपास सुरुवात करून ऐंशीपर्यंत चढा आणि पुढचा सूर येण्याआधी थोडे उतरा. ही रेघ माउसने काढण्यापेक्षा ट्रॅक वाजत असताना हाताने फिरवून घ्यावी, आणि चारही ट्रॅकवर वेगवेगळी घ्यावी. एकाची नक्कल बाकीच्यांवर चिकटवली की सगळा ताफा एकाच भात्यावर चालल्यासारखा वाटतो.

क्वांटाइझ (सूर आपोआप तालावर नेमके बसवणारी सोय) शक्यतो टाळा. लेगाटो (सूर एकमेकांना जोडून वाजवणाऱ्या) पॅचमध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा आवाजही मुद्रित असतो, त्यामुळे तालावर नेमका ठेवलेला सूर उशिरा ऐकू येतो. तो कानाने ठरवून किंचित अलीकडे ओढावा लागतो. रिव्हर्ब सर्वांत शेवटी द्या.

भावगीतात मींड लागणारच, आणि तिथे पाश्चात्त्य पद्धतीने मुद्रित केलेली लायब्ररी तोकडी पडते. पिच बेंडने (सूर वर-खाली सरकवणाऱ्या नियंत्रणाने) ओढले तर सगळी व्हायोलिने एकाच क्षणी, एकाच मापाने सरकतात. खऱ्या ताफ्यात प्रत्येकाचे बोट जरा मागेपुढे पोहोचते. अशा ओळींसाठी एका व्हायोलिनवादकाला बोलवा, तीच ओळ दोन-तीनदा वाजवून घ्या आणि लायब्ररीच्या आवाजात हलकेच मिसळा. सांगलीत व्हायोलिन वाजवणारे आपल्याला नक्की भेटतील.