दहा वर्षांची व्हायचंय, पण मोठं नाही व्हायचं

प्रश्न : माझी मुलगी पुढच्या महिन्यात दहा वर्षांची होईल. वय दोन आकडी होणार म्हणून कॅलेंडरवर रोज एक तारीख खोडते, घराची स्वतःची किल्ली हवी म्हणून हट्ट धरते. आणि रात्री दिवा मालवला की रडते, ‘मी मोठी झाले की तू म्हातारी होशील. मला नाही मोठं व्हायचं.’ मैत्रिणी आल्या की कापडी ससा कपाटात लपवते, त्या गेल्या की पुन्हा उशाशी घेते. वाढदिवसापासून तिनं वेगळ्या खोलीत झोपायचं, असं आम्ही ठरवलंय. मोठं होण्यात किती मजा असते ते मी सांगते, तर ती आणखीच रडते. तिला नक्की काय हवंय? – एक आई

उत्तर : ताई, तिला दोन्ही हवंय, किल्लीही आणि ससाही. यातलं खरं कुठलं, असं तिला विचारू नका.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन हार्टर यांनी १९८७ साली बडिन यांच्यासोबत एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका वेळी दोन भावना असू शकतात हे लहान मुलांना पटतच नाही. एकाच गोष्टीचा आनंद आणि दुःख एकदम वाटू शकतं, हे साधारण दहा-अकराव्या वर्षी सांगता येऊ लागतं. तुमची लेक नेमकी तिथं पोचतेय. भावना दोन्ही आहेत, एका वाक्यात अजून मावत नाहीत, म्हणून दिवसा एक बोलते आणि रात्री दुसरी. ते वाक्य तुम्ही तिला द्या : ‘वाढदिवसाची वाटही बघतेस आणि भीतीही वाटते, हो ना?’ एवढं बोलून थांबा. मजेची यादी नको. ती ऐकताना मुलांना वाटतं, आपलं रडणं इथं कुणाला नकोय.

‘तू म्हातारी होशील’ या बोलण्याला बगल देऊ नका. समुपदेशनात मी हे फार वेळा ऐकलंय. आपण वाढलो म्हणून घरची माणसं म्हातारी होतात, असा हिशोब मुलं मनातल्या मनात मांडतात. एक मुलगा उंची मोजायला भिंतीला टेकायलाच तयार नव्हता. रेघ वर गेली की आजी जाणार, असं त्यानं ठरवून टाकलं होतं! केवढं ओझं ते. तुमच्या मुलीला स्पष्ट सांगा, ‘हो, मी म्हातारी होईन, पण तुझ्या वाढण्यामुळे नाही. तू वाढायची थांबलीस तरी माझं वय वाढणारच.’ ‘मी कधीच म्हातारी होणार नाही’ असं मात्र म्हणू नका. या वयाच्या मुलांना मरण सगळ्यांनाच येतं हे बहुधा कळलेलं असतं, तिला ते खोटं लगेच ओळखू येईल.

वेगळ्या खोलीचं मात्र मला खटकलं. ज्या तारखेची ती इतकी वाट बघतेय, त्याच तारखेला आईची कूस सुटणार! खोली बदला, पण वाढदिवस मागे पडू द्या, आणि सुरुवात तिच्याशी बोलून ठरवा. काही दिवस तिला झोप लागेपर्यंत जवळ बसा. ते कधी बंद करायचं हे तिलाच सांगू द्या. वाढदिवसाला किल्ली द्या.

सशाबद्दल तिनं स्वतःच तोडगा काढलाय आणि तो उत्तम आहे. त्यावरून कुणी चेष्टा करणार नाही, एवढंच बघा.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल ८ ते १३ या वयात कधीही सुरू होऊ शकतात. एखाद्या मैत्रिणीत तिला ते दिसलेही असतील. पाळीबद्दल अजून बोलला नसाल तर आता बोला. समोर बसवून नव्हे, दोघी मिळून काही काम करताना.

रडणं आठवड्यांमागून आठवडे चालूच राहिलं, झोप-जेवण बिघडलं किंवा ती शाळेला नको म्हणू लागली, तर बालरोगतज्ज्ञांचा किंवा बालसमुपदेशकांचा सल्ला घ्या.