“मॅडम, मला नवीन काही सुचतच नाही”

सातव्या सेमिस्टरला प्रोजेक्टचे विषय ठरू लागले की बायोमेडिकलची मुलं एकच रडगाणं घेऊन येतात. ‘इनोव्हेशन’च्या तासाला सगळ्यांना काहीतरी भन्नाट सुचतं, मला नाही, म्हणजे उद्योजकता हा आपला प्रांत नव्हे. त्यात घरचा धोशा असतोच: आयटीत चिकटून जा.

डोंबिवलीहून लोकलने येणाऱ्या एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

“सलाईन अलार्म घेतलाय. बाटली लोड सेलला, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरला टांगायची, वजन उतरलं की आर्डुइनोवरून, म्हणजे छोट्या सर्किट बोर्डवरून सिस्टरला मेसेज. यूट्यूबवर असे पन्नास आहेत, मॅडम. यात माझं काय?”

“आणि वॉर्डात किती पाहिलेस?”

“एकही नाही.”

मी पुढे बोलले नाही. ‘माझी कल्पना जगावेगळी असलीच पाहिजे’ या हट्टाशी वाद घालून तो सुटत नाही. त्याच्याच पोटातली विसंगती माणसाला स्वतः दिसावी लागते. विवेकनिष्ठ पद्धतीवर, म्हणजे आपलीच हट्टी समजूत तर्काने तपासायला लावणाऱ्या समुपदेशनावर, माझा भरवसा आहे तो यासाठीच. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “मग ते पन्नास गेले कुठे?”

हा प्रश्न मी तिला आयता दिला असता, तर ती वहीत लिहून विसरली असती.

उत्तर वॉर्डातच होतं. मात्र तिथे यंत्र घेऊन जायचं नाही, वही घेऊन जायचं. कॉलेजचं पत्र, रुग्णालयाची लेखी परवानगी आणि इन्चार्ज सिस्टरचा होकार, तिन्ही हवं. रुग्णांचे फोटो काढायचे नाहीत, नावं लिहायची नाहीत. डाव्या पानावर डोळ्यांना दिसलं ते, उजव्यावर आपल्याला वाटलं ते. पहिल्या दिवशी उजवं पानच भरतं. बहुतेकांचं तसंच होतं.

तिच्या डाव्या पानावर पुढे हे आलं: पेशंट बाथरूमला निघाला की नातेवाईक बाटली स्टँडवरून काढून हातात धरतो, म्हणजे लोड सेलच्या लेखी बाटली संपली. कंटाळलेला नातेवाईक नळीवरची चकती स्वतःच फिरवून थेंब वाढवतो. अलार्म खाटेशी वाजून उपयोग नाही, सिस्टर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. आणि बाटली रिकामी राहिली की रक्त नळीत मागे चढतं, गोठतं, मग सुई दुसरीकडे टोचावी लागते.

त्यावरून तिने गरज एका वाक्यात मांडली: ‘रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरला बाटली रिकामी होण्याआधी, जागेवरून न उठता कळावं, म्हणजे पेशंटला पुन्हा सुई टोचावी लागणार नाही.’ कोणासाठी, कुठली अडचण, काय बदलायला हवं, हे तिन्ही त्यात आहे आणि यंत्राचं नावही नाही. कच्च्या वाक्यात सेन्सर हमखास घुसतो. तो काढल्यावरच दहा वेगळे उपाय मोकळे होतात.

मग टेबलावरची चाचणी, पेशंटवर नव्हे. वीस थेंबांना एक मिलिलिटर अशा सलाईनच्या नळीवर ५०० मिलिलिटर चार तासांत संपवायचं तर मिनिटाला साधारण ४२ थेंब. बादली, मोजपात्र, घड्याळ पुरतं. लोड सेलवर वजन तासन्‌तास टांगलेलं राहिलं की आकडा आपोआप सरकतो. दहा मिनिटांच्या डेमोत हे कळतच नाही.

टेकफेस्टला, म्हणजे तंत्रज्ञान महोत्सवात मांडण्याची घाई मी थांबवली. उघड केलेली गोष्ट पेटंटच्या दृष्टीने जुनी होते. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज (एकट्या व्यक्तीला ऑनलाइन फी १,६०० रुपये), मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. विकायची वेळ आली की वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ आलेच. ए आणि बी या कमी जोखमीच्या वर्गांतल्या उपकरणांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, सी आणि डी या जास्त जोखमीच्या वर्गांचा केंद्राकडून. आपला वर्ग कुठला, हे डिझाइनच्या आधी बघावं. नंतर बघणारे सगळी कागदपत्रं पहिल्यापासून करतात.

शेवटच्या भेटीला बाबा आले. “नोकरीचं काय?”

“प्लेसमेंटला बसू दे की,” मी म्हटलं. “बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘बिग’ ही नव्या कल्पनांना अनुदान देणारी योजना ५० लाखांपर्यंत देते, १८ महिन्यांसाठी; पण निवडीत कस लागतो. त्या भरवशावर हातातली ऑफर सोडायला मी सांगणार नाही.”

बाबांचं पूर्ण समाधान झालं नाही. शनिवार प्रोजेक्टला आणि एक वर्ष मुदत, एवढ्यावर दोघांचं जमलं. उठता उठता तिने विचारलं, नातेवाईक चकती फिरवतात तो वेगळा प्रोजेक्ट होईल का?

“आणखी चार रात्री बसून बघ,” मी म्हटलं, “आणि या वेळी नातेवाइकांशी बोल.”