नव्याने उपासनेला येऊ लागलेल्यांसाठी

घरी बायबल वाचता येते, प्रार्थनाही करता येते, मग दर रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जायलाच हवे का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. वैयक्तिक प्रार्थना हवीच. पण बायबलच्या नव्या करारातील, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या 10व्या अध्यायात, 24 व 25 या वचनांत, एकत्र येणे न सोडण्याबरोबरच एकमेकांना प्रीती व सत्कर्मांसाठी उत्तेजन देण्यास सांगितले आहे, आणि ते एकट्याने होत नाही.

सुरुवातीला एकच मंडळी निवडा व काही महिने तिथेच जा. दर आठवड्याला नवे चर्च पाहत फिरल्यास तुम्हाला कोणी ओळखत नाही, आणि आजारपणात वा दुःखात तुमची गैरहजेरीही कोणाच्या ध्यानात येत नाही. शेवटचा आशीर्वाद होताच लगबगीने निघू नका, कारण खरी ओळख त्यानंतरच होते: शेजारच्या बाकावरील आजींशी बोला, त्यांनी सांगितलेला प्रार्थनेचा विषय लक्षात ठेवा आणि पुढच्या रविवारी आठवणीने त्याची चौकशी करा.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे मनात येईल तेव्हाच जाणे. मन कोरडे असते त्याच दिवशी इतरांचे गायन व प्रार्थना आपल्याला सावरतात, हे मी अनेकदा अनुभवले आहे. गीते अनोळखी वाटली, कधी उभे राहायचे ते कळले नाही, तरी संकोच नको. प्रभुभोजनाविषयी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीविषयी, मात्र आधी पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) विचारा, कारण निरनिराळ्या मंडळ्यांचे नियम वेगळे असतात. पंथभेदांचा अभ्यास पुढे सावकाश होईल. येत्या रविवारी थोडे आधी पोहोचा.