अडीच तास पुरतात का?

‘मुलगी एम.कॉम. झाली, सात महिने घरी आहे. सकाळी जेमतेम अडीच तास नोकरी शोधते आणि लॅपटॉप मिटते. तिचे बाबा म्हणतात, नोकरी शोधणं हीच आठ तासांची नोकरी समजायची. तिला कसं समजावू?’ असं तुम्ही विचारलंय.

ताई, त्या अडीच तासांत ती काय करते, हे पत्रात कुठेच नाही. आठ-आठ तास बसणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात. एकच बायोडेटा, बटण दाबलं की गेला, दिवसाला पन्नास. मग एखाद्या कंपनीतून फोन आलाच, तर ‘कोणत्या पदासाठी म्हणालात?’ असं विचारतात. फोन तिथेच संपतो.

एक अर्ज नीट करायला काय लागतं बघा. जाहिरातीत ‘बँक रिकन्सिलिएशन’ मागितलंय आणि हिच्या बायोडेटात नुसतं ‘अकाउंट्सचं काम येतं’. इंटर्नशिपमध्ये तिनं बँकेचं स्टेटमेंट कॅशबुकशी ताडून पाहिलं असेल, तर ते जाहिरातीच्याच शब्दांत पहिल्या अर्ध्या पानात यायला हवं. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअरमध्ये जमा होतात आणि भरती करणारे त्यात नेमके शब्द टाकून शोधतात. शिवाय कंपनीची वेबसाइट चाळायची, चार ओळींचं पत्र लिहायचं, वहीत तारीख आणि पद टिपायचं. पाऊण तास सहज जातो. म्हणजे दिवसाला तीन अर्ज, आणि त्याला अडीच तास पुरतात.

वाढवायचाच असेल तर तासभर माणसांसाठी वाढवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडलं होतं, की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी बहुतेकांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली होती. साहजिक आहे, जवळच्यांना जे ठाऊक, ते आपल्यालाही ठाऊक असतं. तेव्हा कॉलेजातली सीनियर, इंटर्नशिपमधल्या मॅडम यांना तिनं मेसेज करावा. ‘जागा आहे का?’ विचारलं की समोरचा अवघडतो. ‘या कामात रोज काय काय यावं लागतं?’ विचारलं तर लोक भरभरून बोलतात. आणखी तासभर एक्सेल किंवा जे कच्चं असेल त्याचा सराव. झाले साडेचार तास. रविवारी सुट्टी, अगदी निर्धास्त.

दीड महिन्यानं वही उघडायला सांगा. एकही फोन नसेल तर बायोडेटा किंवा निवडलेली पदं चुकताहेत. अर्ज थांबवून आधी ते दुरुस्त करायचं. फोन येतात पण मुलाखतीत गाडी अडते, असं असेल तर अर्जांचा निम्मा वेळ मोठ्यानं उत्तरं देण्याच्या सरावाला द्यायचा.

राहिले बाबा. कंपन्या उत्तर द्यायला कित्येक आठवडे लावतात, काही तर देतच नाहीत. रोज रात्री जेवताना ‘आज काय झालं?’ विचारलं तर तिच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. त्यांनी शनिवारी एकदाच विचारावं, आणि तेही ‘किती तास बसलीस?’ सोडून.