तांबीचं आत्ताच का ठरवायचं?

सातव्या महिन्यात डॉक्टरांनी तुम्हाला बाळंतपणानंतरच्या तांबीचं (दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी) विचारलं, आणि सासूबाई म्हणतात "आधी बाळ तर होऊ दे". ताई, डॉक्टरांनी अगदी वेळेवर विचारलंय. वार पडल्यावर 10 मिनिटांत तांबी बसवणं सगळ्यात सोयीचं. ते हुकलं तर 48 तासांपर्यंत बसवता येते, नंतर थेट 6 आठवडे थांबावं लागतं. सिझेरियन झालं तर गर्भाशय शिवायच्या आधीच बसवतात. कळा देताना कुणाला विचार करून होकार देता येत नाही, म्हणून तो आधी घ्यायचा.

तुमच्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे: तपासण्या पुण्यात, बाळंतपण माहेरी. इथलं बोलणं तिथल्या डॉक्टरांना कसं कळणार? निर्णय फाइलवर आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. तिथे पहिल्यांदा दाखवायला जाल तेव्हाच विचारा, लेबर रूममध्ये तांबी ठेवलेली असते का आणि ती लगेच बसवता येणारं कुणी रात्रीही असतं का. लिहिलेलं ऐनवेळी बदलायचा हक्क तुमचाच.

पाणमोट फुटून 18 तास उलटले, ताप आला किंवा रक्तस्राव आटोक्यात नसेल तर लगेच बसवत नाहीत; दुसरा पर्याय ठरवून ठेवा. लगेच बसवलेली तांबी निसटून पडण्याची शक्यता जरा जास्त असते, म्हणून 6 आठवड्यांची तपासणी चुकवू नका. तेव्हाही तांबीचा दोरा दिसला नाही तर सोनोग्राफी करतात. तांबीचे दोन प्रकार: 380ए 10 वर्षं चालते, 375 पाच वर्षं. कोणती बसवली ते लिहून घ्या.

"अंगावर पाजतेय, दिवस राहणार नाहीत" यावर विसंबू नका. बाळ 6 महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त अंगावरचं दूध आणि पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच ते खरं. वरचं दूध सुरू झालं की संपलं. पाळी यायच्या आधीच बीज सुटतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस जातात.

तांबी नकोच असेल तर सरकारी दवाखान्यात 'छाया' गोळ्या मोफत मिळतात, पाजणाऱ्या आईलाही चालतात: पहिले 3 महिने आठवड्यातून 2, मग 1. 'अंतरा' इंजेक्शन दर 3 महिन्यांनी, पाजत असाल तर 6 आठवड्यांनंतर सुरू. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या मात्र पाजत असताना पहिले 6 महिने नकोत.

पुढच्या तपासणीला सासूबाईंनाही न्या. तांबीने दूध कमी होत नाही, आणि काढली की पुन्हा दिवस राहू शकतात, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या.