गोळी अजून पाकिटातच राहू द्या

"आमचा ब्रुनो, लॅब्रॅडॉर, ९ वर्षांचा, ३२ किलोचा. जबड्याखाली दोन्हीकडे लिंबाएवढ्या गाठी आल्या. सुई घालून तपासलं तर रिपोर्टात लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर आला. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहून दिल्या, हवं तर मुंबईला दाखवा म्हणाले. गोळ्या आणल्यात, पण हात होत नाही. हे म्हणतात मुंबईला नेऊ, सासूबाई म्हणतात मुक्या जीवाचे हाल करू नका. तो तर अजून पोळ्यांच्या वासानं ओट्यापाशी येऊन बसतो. कोणाचं ऐकू?" – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

ताई, गोळ्या दिल्या नाहीत ते बरं झालं. केमो करायचा की नाही हे ठरेपर्यंत देऊही नका. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडनं गाठी चार-पाच दिवसांत बसायला लागतात, घरात सगळे खूश होतात. मग दोन-तीन आठवड्यांनी केमोला पोचावं, तर कॅन्सरच्या पेशी औषधांना दाद देईनाशा झालेल्या असू शकतात. हे तुमच्या डॉक्टरांना सांगून, त्यांच्याशी बोलूनच थांबा. ब्रुनोला श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर मात्र थांबायचं नाही, तडक दवाखाना.

आता रिपोर्ट. सुई कुठल्या गाठीत घातली होती, ते विचारा. जबड्याखालच्या गाठी किडक्या दातांनी आणि हिरड्यांच्या सुजेनंही वाढतात. मागच्या गुडघ्यामागची गाठ मोठी असेल तर तिथला नमुना जास्त भरवशाचा. गोचीड तापातही गाठी सुजतात, प्लेटलेट उतरतात. आपल्याकडे तो इतका सर्रास दिसतो की त्याची तपासणी झाली नसेल तर आधी करून घ्या. कॅन्सर असला तरी गोचीड ताप सोबत असू शकतो, आणि तशा रक्तावर केमो जड जातो.

निदान पक्कं झालं की प्रकार विचारायचा, बी की टी, म्हणजे कॅन्सर कुठल्या पांढऱ्या पेशींचा आहे ते. त्यासाठी नमुना बाहेर पाठवावा लागू शकतो. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर-किडनी, कॅल्शियम, छातीचा एक्सरे, पोटाची सोनोग्राफी. टी प्रकारात बऱ्याचदा कॅल्शियम चढतं, कुत्रा घटाघटा पाणी पितो.

सासूबाईंचं म्हणणं उडवून लावू नका, पण त्यांच्या डोळ्यांसमोर माणसांचा केमो असणार. कुत्र्यांचे डोस मुद्दाम हलके ठेवतात, कारण इथे आजार मुळासकट काढणं हा हेतू नसतो, चांगले दिवस मिळवणं हा असतो. लॅब्रॅडॉरचे केस सहसा गळत नाहीत, मिशा गळतात. काहीच केलं नाही तर बहुतेकांना महिना-दीड महिना मिळतो. नुसत्या प्रेडनिसोलोनवर एक-दोन महिने. चार औषधांचा (सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिन्क्रिस्टिन, प्रेडनिसोलोन) पूर्ण कोर्स केला तर बी प्रकारात साधारण वर्षभर, टी प्रकारात त्याहून कमी. पूर्ण बरा होणारा कुत्रा विरळा. हे आकडे घरात सगळ्यांसमोर वाचा, मग भांडा.

पूर्ण कोर्स म्हणजे पाच-सहा महिन्यांत सोळाएक खेपा. नाशिकहून हे झेपणार नसेल तर एकट्या डॉक्सोरुबिसिनचा पर्याय विचारा: दर तीन आठवड्यांनी एक, असे पाच डोस. हाती येणारा काळ कमी, पण खेपा तिपटीनं कमी. त्याआधी हृदयाची तपासणी मात्र हवी. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते (३२ किलोला साधारण १ चौरस मीटर), त्यामुळे पॉमेरेनियनवाल्या शेजाऱ्यांच्या बिलावरून अंदाज बांधू नका, लेखी एस्टिमेट मागा.

मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि त्याला लागूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला २०२४ पासून टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय आहे. कॅन्सर बघणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात, हे फोनवर विचारूनच निघा. इगतपुरीहून समृद्धी धरली की कसाऱ्याची वळणं टळतात, गाडीत ओकणाऱ्या कुत्र्याला त्याचा फार फरक पडतो.

प्रत्येक डोसच्या आदल्या दिवशी सीबीसी नाशिकलाच करा. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी निघाले तर डोस पुढे ढकलतात, खेप वाचते. रक्त मात्र मानेतून काढायला सांगा. पुढच्या पायांच्या शिरा औषधासाठी राखायच्या. व्हिन्क्रिस्टिन किंवा डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर झिरपलं तर तिथलं मांस सडतं, म्हणून कॅन्युला (शिरेत बसवायची नळी) ताजी आणि पहिल्याच टोचणीत बसलेली हवी.

घरी, डोसनंतर पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत रोज गुदद्वारातून ताप मोजा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. १०३ च्या वर गेला किंवा ब्रुनो मलूल दिसला, तर सकाळची वाट पाहू नका. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम बिलकुल देऊ नका. सायक्लोफॉस्फामाइड सकाळी द्या, पाणी भरपूर पाजा, दिवसभर दर दोन-तीन तासांनी बाहेर न्या. ते लघवीच्या पिशवीत साचून राहिलं तर लघवीतून रक्त जातं. डोसनंतरचे तीन दिवस शी-शू हातमोजे घालून उचला, घरात कोणी गरोदर असेल तर तिनं हात लावायचा नाही. कच्चं मांस, कच्ची अंडी बंद.

आणि सगळ्यांनी मिळून केमो नकोच ठरवलं, तर तेही चालेल. मग गोळी आजच सुरू करा, सकाळी, खाण्यासोबत. भूक आणि तहान वाढेल, रात्री अंगणात शूला न्यावं लागेल. मनानं एकदम बंद मात्र करू नका.

मुंबईला जायचं ठरलं तर लॅबमधून नुसता रिपोर्ट नको, सुईच्या नमुन्याच्या मूळ काचपट्ट्या मागून घ्या. सोनोग्राफी असेल तर आदल्या रात्रीनंतर खायला नाही, पाणी चालेल. आणि ते न उघडलेलं पाकीटही पिशवीत टाका, गोळी किती मिलिग्रॅमची आहे ते तिथले डॉक्टर विचारणारच.