प्राग कॅसल: मुकुट, चौक आणि गाणारं कारंजं

प्रश्न: मे महिन्यात आई-बाबांना घेऊन प्रागला जातोय, कॅसलसाठी एकच दिवस आहे. बाबांना राजमुकुट बघायचाय, आईचे गुडघे दुखतात. चौक, खजिना, बागा सगळं जमेल का, सुरुवात कुठून करू?

उत्तर: जमेल, फक्त खालून पायऱ्या चढत येऊ नका, आईंचे हाल होतील. २२ नंबरची ट्राम पकडा आणि सगळे उतरतात त्या प्राझ्स्की ह्राडच्या आधीच्या स्टॉपला उतरा, क्रालोव्स्की लेतोह्रादेकला. तिथे समोरच राणी अ‍ॅनचा उन्हाळी महाल आणि रॉयल गार्डन. बाग १५३४ पासूनची, एप्रिल ते ऑक्टोबर उघडी असते आणि फुकट. महालासमोर ब्राँझचं गाणारं कारंजं आहे, ते घंटा ओतणाऱ्या कारागिराने ओतलंय, खालच्या परातीखाली वाकून कान लावला की पाण्याचे थेंब ब्राँझवर पडून बारीक नाद येतो. घाई करू नका हो इथे, मला अख्ख्या कॅसलमध्ये हीच जागा सगळ्यात लाडकी.

बागेतून चालत पूल ओलांडला की दुसरा चौक. चौकांत फिरायला तिकीट नाही, पण कधीकधी बॅगा तपासतात. बारा वाजता पहिल्या चौकात पहारा बदलतो, बँड असतो, तेवढं गाठा.

आता मुकुट. बाबांना आधीच सांगून ठेवा, खरा मुकुट रोज बघायला मिळत नाही. बोहेमियाचा राजा चौथ्या चार्ल्सने १३४७ च्या राज्याभिषेकासाठी करवलेला तो मुकुट सेंट व्हिटस कॅथेड्रलमधल्या सात कुलपांच्या दाराआड असतो, सात किल्ल्या सात जणांकडे, राष्ट्रपती आणि पंतप्रधानही त्यात, आणि तो बाहेर निघतो तो ठरावीक प्रसंगीच. पण कॅथेड्रलचा खजिना दुसऱ्या चौकातल्या होली क्रॉस चॅपेलमध्ये मांडलाय, संतांचे अवशेष ठेवायची सोन्याचांदीची पात्रं, त्याला वेगळं तिकीट लागतं, पण तो सध्या उघडा आहे ना ते आधी बघून घ्या. बाबांचं मन तिथे नक्की रमेल.

तिसऱ्या चौकात कॅथेड्रल, १३४४ ला सुरू झालं ते १९२९ ला पुरं झालं. शेजारच्या जुन्या राजवाड्यात व्लादिस्लाव हॉल बघाच, घोडेस्वार आत येतील असा रुंद जिना आहे त्याला. १६१८ मध्ये दोन अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या चिटणिसाला जिथून बाहेर फेकलं ती खिडकीही याच राजवाड्यात. दक्षिणेकडच्या बागांना पायऱ्या आहेत, आईंसाठी त्या सोडा. आणि आतल्या इमारतींचं तिकीट दोन दिवस चालतं, म्हणजे आई दमल्या तर उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी करा.